बर्लिनचे फादर लिख्टेनबर्ग आणि रोज संध्याकाळची एक प्रार्थना

सांजदिवा (धागाकर्ती)

नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या कॅथलिक धर्मगुरूंचा विषय निघाला की आपल्याकडे बहुतेकांना एकच नाव आठवतं, माक्सिमिलियन कोल्बे. ते नाव मोठंच आहे. पण माझ्या मनात घर करून बसलेत ते दुसरे एक फादर, बर्लिनच्या सेंट हेडविग कॅथेड्रलचे बर्नहार्ड लिख्टेनबर्ग. मराठीत त्यांच्याबद्दल फारसं काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

जन्म ३ डिसेंबर १८७५, सायलेशियातल्या ओहलाऊ गावी. आज हे गाव पोलंडमध्ये आहे आणि त्याला ओवावा म्हणतात. १८९९ मध्ये ब्रेस्लाऊला धर्मगुरुपदाची दीक्षा झाली आणि पुढच्याच वर्षी बर्लिनला नेमणूक. तिथून पुढचं सगळं आयुष्य याच शहरात. १९१३ ते १९३० शार्लोटेनबुर्गच्या पॅरिशमध्ये होते. ते काही एकांतात ध्यान लावून बसणारे साधुपुरुष नव्हते. सेंटर पार्टी या कॅथलिकांच्या पक्षाकडून तिथल्या स्थानिक सभागृहात निवडून गेलेले, वादाला मागे न हटणारे, युद्धविरोधी कॅथलिकांच्या संघटनेत काम करणारे. १९३१ मध्ये एका युद्धविरोधी चित्रपटाच्या खेळाचं निमंत्रण त्यांच्या नावे निघालं, तेव्हा गोबेल्सच्या 'आंग्रिफ' या पत्राने त्यांच्यावर गरळ ओकली होती. नाझींना ते सत्तेत येण्याआधीपासूनच खुपत होते.

१९३५ मध्ये एस्टरवेगेन छळछावणीत कैद्यांचे जे हाल चालले होते त्याची माहिती त्यांच्या हाती आली. त्यांनी ती लिहून काढली आणि थेट हिटलरचा मंत्री गोरिंग याच्या कार्यालयात नेऊन दिली. सगळं खोटं आहे, असं उत्तर आलं. तक्रारीचं काही झालं नाही, फक्त तक्रार करणाऱ्याचं नाव गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, दप्तरी पक्कं झालं.

१९३८ साली ते कॅथेड्रलचे प्रोव्होस्ट, म्हणजे प्रमुख धर्मगुरू झाले. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनागृहं पेटवली गेली, दुकानं फोडली गेली, हजारो माणसं पकडून छावण्यांत नेली. त्यानंतरच्या संध्याप्रार्थनेत लिख्टेनबर्ग जे बोलले त्याचा आशय असा: काल काय झालं ते आपल्याला माहीत आहे, उद्या काय होईल ते माहीत नाही, पण आज जे घडलं ते आपण पाहिलं आहे. बाहेर मंदिर जळतंय. तेही देवाचंच घर आहे.

मग त्यांनी ज्यूंसाठी प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा केली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ज्यू लोकांसाठी आणि छळछावण्यांतल्या बिचाऱ्या कैद्यांसाठी, रोज संध्याकाळी, भरल्या चर्चमध्ये, मोठ्याने. हे जवळजवळ तीन वर्षं चाललं. राजधानीत, सरकारी इमारतींपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

इथे मी दर वेळी थांबते. एकदा भडकून बोलणं वेगळं. त्या रात्रीनंतर आणखीही काहीजण एकदा बोलले, आणि त्याचीही किंमत त्यांनी मोजली. पण ज्या वाक्यासाठी कुणीही तक्रार करू शकतं ते वाक्य रोज ठरल्या वेळी म्हणायचं, उद्याही म्हणायचं हे ठरवून झोपायचं आणि उद्या खरोखर म्हणायचं, ही ताकद कुठून येत असेल?

ऑगस्ट १९४१. मनोरुग्ण आणि अपंग लोकांना 'इच्छामरणा'च्या नावाखाली मारण्याचा कार्यक्रम तोवर ७० हजारांहून जास्त माणसं मारून बसला होता. म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी ३ ऑगस्टला त्याविरुद्ध जाहीर प्रवचन दिलं. लिख्टेनबर्ग यांनी २८ ऑगस्टला त्याला पाठिंबा देणारं पत्र लिहिलं ते थेट राइशच्या सर्वोच्च वैद्यकीय अधिकाऱ्याला, लिओनार्डो कोंटीला. या गुन्ह्यांची माहिती असण्याचा भार धर्मगुरू म्हणून माझ्याही आत्म्यावर आहे, असं त्यात म्हटलंय. आणि पुढे: मी एकटा असलो तरी एक माणूस, एक ख्रिस्ती, एक धर्मगुरू आणि एक जर्मन म्हणून तुमच्याकडे या गुन्ह्यांचा जाब मागतो. खाली सही.

दुसऱ्याच दिवशी, २९ ऑगस्टला, दोन विद्यार्थिनी कॅथेड्रलमध्ये आल्या होत्या. त्यांच्या कानावर ती ज्यूंसाठीची प्रार्थना पडली. त्यांनी तक्रार केली.

२३ ऑक्टोबर १९४१ ला अटक. घराच्या झडतीत एक कागद सापडला. त्या सुमारास बर्लिनमध्ये घरोघरी एक निनावी पत्रक वाटलं जात होतं. ज्यूंबद्दल खोटा कळवळा दाखवणारा जर्मन देशद्रोही, असं त्यात होतं. लिख्टेनबर्ग यांनी त्याला उत्तर म्हणून एक निवेदन तयार ठेवलं होतं: या अख्रिस्ती विचाराने बहकू नका, 'आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' ही येशू ख्रिस्ताची आज्ञा पाळा. ते चर्चमध्ये वाचायचं राहून गेलं, पण पोलिसांनी वाचलं. हिटलरच्या 'माइन काम्फ'ची त्यांची प्रतही सापडली, जागोजागी खुणा केलेली.

चौकशीत त्यांनी काही नाकारलं नाही. ज्यूंना हद्दपार करणं ख्रिस्ती धर्माच्या मुख्य आज्ञेविरुद्ध आहे, ज्यू हाही माझा शेजारी आहे, त्यालाही देवाच्या प्रतिमेप्रमाणे घडवलेला अमर आत्मा आहे, असं सांगितलं. आणि विनंती केली की मला त्यांच्याबरोबर पाठवा. अटकेच्या पाच दिवस आधी, १८ ऑक्टोबरला, बर्लिनहून ज्यूंना घेऊन पहिली गाडी पोलंडमधल्या लॉज शहराच्या घेट्टोकडे, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीकडे, सुटली होती.

२२ मे १९४२ ला विशेष न्यायालयाने दोन वर्षांची शिक्षा दिली. बर्लिनमधल्या टेगेलच्या तुरुंगात हृदय आणि मूत्रपिंडाच्या आजाराने ते खचत गेले. सप्टेंबर १९४३ मध्ये बर्लिनचे बिशप कोनराड फॉन प्रायझिंग भेटायला आले. युद्ध संपेपर्यंत प्रवचन न देण्याची हमी दिली तर सोडू, असा गेस्टापोचा निरोप होता. फादर पुन्हा तेच म्हणाले, मला लॉजला जायचंय, तिथल्या ज्यूंची आणि बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूंची सेवा करायला.

२३ ऑक्टोबर १९४३ ला शिक्षा संपली. तुरुंगाच्या दारातून घरी न जाता ते गेस्टापोच्या ताब्यात गेले. आधी बर्लिनमधल्याच वूल्हाइडे छावणीत, मग डाखाऊच्या छळछावणीत नेण्याचा हुकूम. वाटेत बव्हेरियातल्या होफ गावी मुक्काम पडला, तिथे प्रकृती एवढी बिघडली की रुग्णालयात न्यावं लागलं. ५ नोव्हेंबर १९४३ ला तिथेच ते गेले. वय ६७.

तुम्हाला यांच्याबद्दल किंवा अशा इतरांबद्दल काही माहीत असेल तर जरूर लिहा.

--------

रानवारा

अतिशय सुंदर लिहिलंय. हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. 'मंदिर जळतंय, तेही देवाचंच घर' हे वाचून बराच वेळ पुढे सरकताच आलं नाही.

एक शंका. ते आजाराने वारले, फाशी झाली नाही, गोळी घातली नाही. मग त्यांना हुतात्मा कसं म्हणतात? कोल्बेंचं समजू शकतो, त्यांना तर विषारी इंजेक्शन दिलं होतं.

--------

बावखल

मी वसईचा, कॅथलिक. रानवारा, तुमची शंका रास्त आहे आणि चर्चनेही तिच्यावर बराच खल केलाय. आमच्याकडे रक्तसाक्षी म्हणतो. विश्वासाच्या द्वेषातून मरण आलं पाहिजे ही मुख्य अट. तलवारीनेच आलं पाहिजे असं नाही. तुरुंगात, हद्दपारीत, छळाने झिजून आलेलं मरणही पहिल्या शतकांपासून त्यात धरलं जातं. म्हातारा, आजारी माणूस शिक्षा भोगून संपल्यावर पुन्हा उचलून छावणीकडे रवाना केला, तर तो वाटेत गेला हा योगायोग म्हणता येणार नाही.

उलट कोल्बेंच्याच बाबतीत प्रश्न निघाला होता, हे अनेकांना माहीत नसतं. ते एका कुटुंबवत्सल कैद्याच्या, फ्रांचिशेक गायोव्हनिचेक यांच्या जागी मरायला पुढे झाले. हा प्रेमाचा त्याग झाला, पण विश्वासासाठी मरण म्हणायचं का? म्हणून १९७१ मध्ये त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं ते रक्तसाक्षी म्हणून नव्हे. १९८२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी संतपद देताना मात्र रक्तसाक्षी म्हणून दिलं. लिख्टेनबर्ग यांना त्याच पोपनी २३ जून १९९६ रोजी बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये धन्यवादित घोषित केलं. हिटलरने १९३६ चे ऑलिम्पिक भरवले तेच हे मैदान.

आम्हा वसईकरांना रक्तसाक्षी म्हटलं की पहिले आठवतात ते आमचे संत गोन्सालो गार्सिया, १५९७ साली नागासाकीला क्रुसावर गेलेले. लहानपणापासून ती गोष्ट ऐकतो. पण ती दूरच्या काळातली वाटते. लिख्टेनबर्ग यांची वाटत नाही, कारण मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या आमच्या मुख्य उपासनेत, विनंत्यांची प्रार्थना असते ती दर रविवारी मी स्वतः ऐकतो. आजाऱ्यांसाठी, पावसासाठी, परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी. एकजण वाचतो आणि सगळे एका आवाजात उत्तर देतात. त्या यादीत एक नाव असं घालायचं की ज्यानंतर बाकांवरच्या माणसांना उत्तर देतानाही धडकी भरावी! फादर एकटे म्हणत होते, पण चर्चमधले लोकही ऐकत होते, रोज येत होते. तीन वर्षं त्यांच्यातल्या कुणाच्या तक्रारीने अटक झाली नाही, हेही लिहून ठेवायला हवं.

आणखी एक. आमच्या जुन्या उपासनेत गुड फ्रायडेला ज्यूंसाठी प्रार्थना होतीच, पण ती त्यांच्या धर्मांतरासाठी, आणि त्यांना 'अविश्वासू' म्हणणारी. तो शब्द पोप जॉन तेविसावे यांनी १९५९ मध्ये काढला. लिख्टेनबर्ग त्याच जुन्या उपासनेत वाढलेले, तरी त्यांनी ज्यूंसाठी जे मागितलं ते छळ सोसणारा माणूस म्हणून मागितलं. मला हे फार मोठं वाटतं.

--------

तर्कतीर

लेख चांगला आहे, व्यक्तीबद्दल आदर आहे. पण एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. अशा एकेका धर्मगुरूची कथा सांगताना संस्थेचं वागणं झाकलं जातं. २० जुलै १९३३ ला, हिटलर सत्तेत येऊन सहा महिनेही झाले नव्हते, व्हॅटिकनने त्याच्याशी करार केला. जर्मन बिशपांचे अध्यक्ष कार्डिनल बेर्ट्राम दर वर्षी हिटलरला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवत होते, युद्ध चालू असतानाही. ज्यूंच्या हद्दपारीविरुद्ध, तिचं नाव घेऊन, सगळ्या बिशपांनी मिळून जाहीर निषेध केला नाही. मग १९९६ मध्ये स्टेडियममध्ये सोहळा करून लिख्टेनबर्ग यांना आपलं म्हणणं सोपं आहे. १९४१ मध्ये ते कुणाचे होते?

--------

कायदेपंडिता

मी वकील आहे, म्हणून माझं लक्ष खटल्यावर गेलं. दोन आरोप होते. पहिला 'व्यासपीठाचा गैरवापर'. हे कलम नाझींचं नाही. बिस्मार्कच्या काळात, १८७१ मध्ये, कॅथलिक चर्चशी संघर्ष चालू असताना जर्मन दंडसंहितेत कलम १३०अ घातलं गेलं. धर्मगुरूने आपल्या पदावरून राज्यकारभाराबद्दल सार्वजनिक शांतता धोक्यात येईल असं बोललं तर दोन वर्षांपर्यंत कैद. सत्तर वर्षं जुनं, रीतसर संमत झालेलं कलम. पश्चिम जर्मनीने ते १९५३ मध्ये काढून टाकलं.

दुसरा आरोप २० डिसेंबर १९३४ च्या कायद्याखालचा, ज्यात सरकार आणि पक्ष यांच्याबद्दल 'द्वेषमूलक' बोलणं हा गुन्हा. शेजारी, सहकारी, दुकानात रांगेत उभा असलेला माणूस, कुणीही ऐकीव वाक्यावर तक्रार करावी आणि खटला उभा राहावा. त्या दोन विद्यार्थिनींना कुणी पाठवलं असण्याची गरजच नव्हती. कायद्याने प्रत्येक नागरिकाच्या कानाला पोलिसाचं काम दिलं होतं.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात भयंकर वाटते. न्यायालयाने दिलेली शिक्षा त्यांनी पूर्ण भोगली होती. पुढे डाखाऊला पाठवायला ना नवा आरोप, ना नवा निकाल. राइशस्टाग, म्हणजे संसद भवन, जळाल्यावर २८ फेब्रुवारी १९३३ ला जो आणीबाणीचा हुकूम निघाला त्याच्या आधारे 'संरक्षक कोठडी' नावाची सोय करून ठेवली होती. पोलिसांनी ठरवलं की माणूस आत, मुदत नाही, अपील नाही.

--------

सांजदिवा

@तर्कतीर, तुम्ही मांडलेलं सगळं बरोबर आहे आणि ते या धाग्यात यायलाच हवं होतं. मी त्यात भरच घालते. बिशप प्रायझिंग आणि कार्डिनल बेर्ट्राम यांच्यात याच मुद्द्यावर फार कडवट मतभेद झाले. १९४० मध्ये बेर्ट्राम यांनी सगळ्या बिशपांच्या वतीने हिटलरला शुभेच्छा पाठवल्या तेव्हा प्रायझिंग प्रचंड संतापले. त्यांना उघड विरोध हवा होता, बेर्ट्राम यांना अर्ज-विनंत्यांचा मार्ग सोडायचा नव्हता. चर्च म्हणून एकच आवाज नव्हता, आणि जो अधिकृत होता तो दबका होता.

पण म्हणूनच मला लिख्टेनबर्ग यांचं पत्र इतकं महत्त्वाचं वाटतं. कोंटीला लिहिताना त्यांनी स्वतःला बाहेर ठेवलेलं नाही. माहीत असणं म्हणजे वाटेकरी होणं, आणि तो वाटा माझ्याही डोक्यावर आहे, हे ते आधी सांगतात आणि मग जाब मागतात. संस्था गप्प आहे हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जवळून दिसत होतं. त्यांनी वरून परवानगीची वाट पाहिली नाही एवढंच. त्यांचं मोठेपण संस्थेच्या खात्यावर जमा करू नये, याबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत.

फक्त एक: ते अगदी एकटे होते असंही नाही. १९३८ पासून बर्लिनच्या बिशपांच्या कार्यालयात एक मदतकेंद्र चालत होतं, 'नॉन-आर्यन', म्हणजे ज्यू वंशाचे, ठरवलेल्या कॅथलिकांसाठी. देश सोडायला मदत, कागदपत्रं, पैसे, राहायची सोय. लिख्टेनबर्ग त्याचे प्रमुख होते. त्यांच्या अटकेनंतर ते काम मार्गारेटे झोमर या बाईंनी पुढे नेलं.

@कायदेपंडिता, कलम १३०अ ची माहिती खूप मोलाची. चांगल्या काळात कुणीतरी ठेवून दिलेलं कलम वाईट काळात कुणाच्या हाती लागेल ते सांगता येत नाही.

--------

स्प्रेकाठ

बर्लिनमध्ये राहते. सेंट हेडविग पाहिलंय. जागा कशी आहे ते सांगते, कारण त्याशिवाय ही गोष्ट नीट कळत नाही. मोठा हिरवट घुमट असलेलं गोल चर्च, रोमच्या पँथिऑनच्या धर्तीवर, अठराव्या शतकात फ्रेडरिक दुसऱ्याच्या काळात बांधायला घेतलेलं. समोर बेबेलप्लाट्झ हा चौक, शेजारी ऑपेरा, पलीकडे विद्यापीठ. याच चौकात १० मे १९३३ ला विद्यार्थ्यांनी पुस्तकांची होळी केली होती. आज तिथे जमिनीत काचेचा चौकोन आहे, आत वाकून पाहिलं की रिकामी पांढरी फडताळं दिसतात. कॅथेड्रलच्या पायऱ्यांवरून ती जागा हाकेच्या अंतरावर आहे. म्हणजे लिख्टेनबर्ग आधी कॅथेड्रलच्या दारात पुस्तकं जळताना आणि पाच वर्षांनी शहरात प्रार्थनागृहं जळताना, दोन्ही काळांत तिथेच काम करत होते.

कॅथेड्रल १ मार्च १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेलं, फादर तेव्हा टेगेलमध्ये होते. (त्याच वर्षी एप्रिलपासून प्रॉटेस्टंट पाळक डीट्रिख बॉनहोफर हेही टेगेलच्याच तुरुंगात होते.) होफमध्ये वारल्यावर त्यांचा देह बर्लिनला आणता आला आणि १६ नोव्हेंबरला लीझेनश्ट्रासेवरच्या कॅथेड्रलच्या जुन्या दफनभूमीत पुरला. पुढे नेमकी तिथूनच बर्लिनची भिंत गेली. १९६५ मध्ये त्यांचे अवशेष कॅथेड्रलच्या तळघरात हलवले, तेव्हा हा सगळा भाग पूर्व बर्लिनमध्ये होता. नूतनीकरणासाठी कॅथेड्रल सहा वर्षं बंद होतं, नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं.

इकडे कुणी आलंच तर ग्रुनेवाल्ड स्टेशनचा १७ नंबरचा फलाट जरूर पाहा. ज्यूंना घेऊन जाणाऱ्या गाड्या या स्टेशनातून सुटायच्या. फलाटाच्या कडेला लोखंडी पट्ट्यांवर प्रत्येक गाडीची तारीख, किती माणसं आणि कुठे नेली ते कोरलंय. १८.१०.१९४१ च्या पट्टीपाशी उभं राहिलं की 'मला त्यांच्याबरोबर पाठवा' म्हणजे नक्की कुठे जायचं मागितलं होतं ते समजतं.

--------

रानवारा

बावखल, स्प्रेकाठ, दोघांचे आभार. शंका फिटली.

डाखाऊबद्दल थोडं वाचलं. तिथे धर्मगुरूंसाठी वेगळ्या बराकी होत्या. एकूण २,७०० हून जास्त धर्मगुरू आणि पाळक तिथे कोंडले होते, त्यात निम्म्याहून अधिक पोलिश, आणि हजारावर तिथेच मेले. आकडा वाचून सुन्न झालो. लिख्टेनबर्ग पोहोचले असते तर तिथेच ठेवलं असतं ना?

--------

बावखल

हो. १९९६ मध्ये त्यांच्याबरोबर ज्यांना धन्यवादित घोषित केलं ते कार्ल लाइस्नर तर डाखाऊतच धर्मगुरू झाले. उपगुरू (धर्मगुरुपदाच्या आधीची पायरी) असताना पकडले गेले होते, क्षयाने पोखरलेले. फ्रान्सचे बिशप गाब्रिएल पिगे तिथे कैदी म्हणून आले आणि १७ डिसेंबर १९४४ ला बराकीत गुपचूप दीक्षाविधी झाला. लाइस्नर यांना आयुष्यात एकच मिस्सा अर्पण करता आली. छावणी मुक्त झाल्यावर काही महिन्यांतच, १२ ऑगस्ट १९४५ ला, ते गेले. नेदरलँड्सचे कार्मेलाइट संघाचे फादर टायटस ब्रँड्समा यांनाही डाखाऊतच जुलै १९४२ मध्ये इंजेक्शनने मारलं. कॅथलिक वृत्तपत्रांनी नाझींच्या जाहिराती छापू नयेत म्हणून ते संपादकांना भेटत फिरत होते. त्यांना २०२२ मध्ये संतपद मिळालं.

--------

तर्कतीर

धागाकर्ती, उत्तर प्रामाणिक आहे, आवडलं. ज्यूंकडून त्यांची काही दखल घेतली गेली का? मला चर्चच्या सोहळ्यापेक्षा ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

--------

सांजदिवा

हो, २००४ मध्ये जेरुसलेमच्या याद वाशेम या ज्यू हत्याकांडाच्या स्मारक संस्थेने त्यांना 'राष्ट्रांमधील नीतिमान' हा सन्मान दिला. ज्यूंसाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणाऱ्या ज्यू नसलेल्यांना तो देतात.

त्यांच्या आदल्या वर्षी तोच सन्मान मार्गारेटे झोमर यांना मिळाला. बाईंबद्दल वेगळा धागा काढायचा विचार आहे. हद्दपारीच्या गाड्यांची, तिकडे पोहोचलेल्यांचं काय होतंय याची माहिती गोळा करून त्या बिशपांना अहवाल देत होत्या. ऑगस्ट १९४३ मध्ये, फादर टेगेलमध्ये शिक्षेचे शेवटचे महिने काढत होते तेव्हा, त्यांनी सगळ्या जर्मन बिशपांच्या सहीने सरकारला पाठवण्यासाठी ज्यूंच्या बाजूचा एक मसुदा तयार केला होता. प्रायझिंग यांचा त्याला पाठिंबा होता. फुल्डाला झालेल्या बिशपांच्या बैठकीत तो मंजूर झाला नाही, पाठवलाही गेला नाही. तर्कतीर, त्या धाग्यावर तुम्ही यावंच, तुमचा प्रश्न तिथे जास्त नेमकेपणाने विचारता येईल.